सिकलसेलमध्ये बदललेले अमिनो आम्ल आहाराने भरून निघते काय?

प्रश्न (कुरखेडा, जि. गडचिरोली): भाचीचा सिकलसेलचा अहवाल ‘एसएस’ (दोन्ही जनुके सदोष, म्हणजे आजार) आला असून, हिमोग्लोबिनमधील एक अमिनो आम्ल बदलल्याने हा आजार होतो, असे समजले. तूरडाळ, अंडी वाढवल्यास ते भरून निघेल काय?

उत्तर १ (शिक्षक, ब्रह्मपुरी): नाही, दोष ताटात नसून जनुकात आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील १४६ अमिनो आम्लांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, आणि व्हॅलिन पाणी टाळणारे असल्याने प्राणवायू सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून तंतू बनतात व तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. एवढ्याशा बदलाचा एवढा परिणाम व्हावा, हे आजही थक्क करणारे आहे.

उत्तर २ (परिचारिका, आरमोरी): ग्लुटामिन या वेगळ्या अमिनो आम्लाला मात्र अमेरिकेत २०१७ मध्ये सिकलसेलवरील औषध म्हणून मान्यता मिळाली, त्याने वेदनेचे प्रसंग कमी होतात, व्हॅलिन बदलत नाही. जिमची पावडर हा त्याला पर्याय नव्हे. हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलवरील औषधाबद्दल डॉक्टरांना विचारावे आणि धानाच्या रोवणीच्या उन्हात तिला पाणी कमी पडू देऊ नये.

प्रश्नकर्ता: तिच्या लहान भावाचीही तपासणी करावी काय?

उत्तर २: अवश्य. आई-वडील दोघेही ‘एएस’ (एक जनुक सदोष, म्हणजे वाहक) असल्यास प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता २५ टक्के असते.