चार एकर कोरडवाहू: सोयाबीनला जोड कशाची? तुती, शेळ्या की म्हशी?

मंठा_शिवार: नमस्कार मंडळी. चार एकर रान, सोयाबीन आणि त्यात तुरीचे पट्टे. पैसा दिवाळीच्या आसपास एकदाच येतो, दुकानाची उधारी फिटली की संपला. विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी. कामाला मी आणि बायको. आई घरचं जनावर सांभाळू शकते. रेशमाच्या अळ्यांसाठी एक एकर तुती, दहा शेळ्या की दोन म्हशी? केलेल्यांनीच सांगा.

कोषवाला: दादा, दहा वर्षं रेशीम करतोय. फेब्रुवारीत पाणी सरत असेल तर म्हशी नकोच. चारा विकत घ्यायला लागला की दुधाचा पैसा त्यातच जातो. तुती एकदा मुळावली की उन्हाळ्याचा ताण काढते. मार्च ते मे मी अळ्यांची बॅच घेतच नाही, तेवढी उष्णता अळ्यांनाही सोसत नाही. बाकीच्या महिन्यांत चार-पाच बॅच निघतात. चॉकीच्या, म्हणजे दुसरीकडे थोड्या वाढवलेल्या लहान अळ्या आणल्या तर साधारण तीन आठवड्यांत कोष. 100 अंडीपुंजांना (एक पुंज म्हणजे एका मादीची अंडी) 60-70 किलो कोष आले तर मी बॅच चांगली धरतो. पूर्वी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं; 2018 पासून जालन्यातच बाजार आहे, तुम्हाला तर जवळच.

भीती दराची आहेच, पण त्याहून जास्त फवारणीची. एका वर्षी शेजारच्या कपाशीवर फवारा झाला, वारा आमच्याकडे. तोच पाला घातला आणि अख्खी बॅच गेली. कोषावर येत आलेल्या अळ्या खड्ड्यात पुरताना घरात कुणी जेवलं नव्हतं. तुमच्या बांधाला काय आहे?

मंठा_शिवार: एका बाजूला कपाशीच. आणि शेडचा खर्च?

कोषवाला: रोजगार हमीचं जॉबकार्ड काढून जिल्हा रेशीम कार्यालयात नोंदणी करा. लागवड आणि संगोपनगृहाला (अळ्यांच्या शेडला) मनरेगातून तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने पैसे मिळायचे; आता काय ते तिथेच विचारा. तोवर आपल्या खिशातून चालवायची तयारी हवी.

बीडची_सून: आई घरी आहेत तर शेळ्याही होतील, पण एकदम दहा नकोत. सासूबाईंनी दोन उस्मानाबादी जातीच्या शेळ्यांवर सुरुवात केली. गाभणकाळ पाच महिने, बरेचदा जुळी करडं. पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषार (आतड्यांचा रोग) यांची लस मात्र चुकवू नका. आम्ही एकदा आंत्रविषाराची पावसाळ्याआधी घेतली नाही आणि सात करडं गेली. तुतीचा उरलेला पाला शेळ्या आवडीने खातात. फक्त अळ्यांवरची चुना-पावडर पडलेला घालू नका.

आणि तूर सगळी आडतीवर नेता का? आम्ही दोन-तीन क्विंटल ठेवून गावातल्या मिनी डाळमिलवर भरडतो. क्विंटलला 70-75 किलो डाळ पडते, चुणी (उरलेला भुसा-कणी) शेळ्यांना. ओळखीच्या घरी वर्षभर थोडी थोडी जाते. किराण्याचा खर्च त्यातून निघतो, आणि तो पैसा माझ्या हातात असतो.

मंठा_शिवार: ताई, डाळीचं डोक्यातच नव्हतं. यंदाची दोन क्विंटल ठेवतो. तुतीसाठी विहिरीजवळचा तुकडा धरला होता, पण तो नेमका कपाशीला लागून आहे. मागच्या तुकड्यापर्यंत पाइप किती लागतो ते उद्या मोजतो आणि इथेच सांगतो.