जुन्या बीबीएसच्या फायली हाती आल्यात, जपायच्या कशा?

खटपट्या:
मंडळी जरा मदत हवीये. मित्राच्या काकांनी नव्वदच्या दशकात बीबीएस चालवलं होतं, म्हणजे लोक मोडेमवरून डायल करून यायचे, निरोप टाकायचे, फायली उतरवून घ्यायचे तसलं. आता त्यांनी सगळा पसारा माझ्या हवाली केलाय. साडेतीन इंची फ्लॉप्या, थोड्या सव्वापाच इंची, घरी राईट केलेल्या काही सीडी आणि जुन्या हार्डडिस्कची एक कॉपी. आत टेक्स्ट फायली आहेत, झिप, झिपसारख्याच दाबून ठेवलेल्या एआरजे, काहींना तर एक्स्टेंशनच नाही, शिवाय युजनेटचे (म्हणजे नेटवरचे जुने जाहीर चर्चागट) साठवलेले मेसेज आणि एक भलीमोठी एमबॉक्स फाईल, म्हणजे ढीगभर मेल एकाच फाईलीत. बऱ्याच टेक्स्ट फायली उघडल्या की चौकटीच्या रेघांच्या जागी डोक्यावर दोन टिंबं असलेला ए, तोच तोच, ओळच्या ओळ भरून दिसतो, म्हणजे करप्ट झाल्यात बहुतेक. माझा विचार असा की सगळं वर्डमध्ये घ्यायचं, कचरा साफ करायचा, डुप्लिकेट उडवायचे, पीडीएफ करून क्लाउडवर टाकायचं आणि मोकळं व्हायचं. चालेल ना?

धूळझटक:
थांबा थांबा, आधी ते वर्ड बंद करा!
फायली करप्ट वगैरे काही नाहीत. कोडपेज म्हणजे कुठल्या नंबरला कुठलं अक्षर याचा तक्ता. डॉसच्या कोडपेज ४३७ मध्ये १९६ नंबरच्या बाइटला आडवी रेघ असते आणि विंडोजच्या पश्चिम युरोपीय कोडपेजमध्ये त्याच नंबरला तो तुमचा टिंबवाला ए असतो, एवढीच भानगड. फाईल जशीच्या तशी आहे, वाचणारा प्रोग्रॅम चुकीच्या तक्त्यातून बघतोय. पण त्या अवस्थेत सेव्ह केलीत की मग मात्र ती खरंच बिघडली. रंगीत आन्सी चित्रं, म्हणजे अक्षरं आणि चिन्हं जुळवून काढलेली, असतील तर अजून गंमत, शेवटी कंट्रोल-झेडचं चिन्ह येतं आणि त्यानंतर १२८ बाइटचा एक तुकडा असतो, त्याला सॉस म्हणतात (खायचा नाही), त्यात चित्राचं नाव, काढणाऱ्याचं नाव, ग्रुप, तारीख असं सगळं असतं. साफसफाई करणारा माणूस पहिल्यांदा हाच तुकडा कचरा समजून उडवतो.
म्हणून मूळ फायलींना हात लावायचा नाही. वाचायला वेगळी कॉपी करा, त्या कॉपीचं यूटीएफ-८ (आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत) करा, पीडीएफ करा, काय हवं ते करा.
फ्लॉप्यांचं म्हणाल तर आधी राइट-प्रोटेक्ट. साडेतीन इंचीला ती छोटी खिडकी उघडी हवी, सव्वापाचला बरोब्बर उलटं, बाजूची खाच चिकटपट्टीने झाकायची. मग एकेक फाईल कॉपी करत बसू नका, अख्ख्या डिस्कची इमेज काढा, म्हणजे सगळी डिस्क जशीच्या तशी एका फाईलीत. ग्रीझवीझल किंवा क्रायोफ्लक्स हे फ्लॉपी वाचायचं उपकरण मिळालं तर उत्तम, ते थेट चुंबकीय सिग्नलच उतरवून घेतं, त्यामुळे एखादा सेक्टर आज वाचता आला नाही तरी त्या सिग्नलवर नंतर परत डोकं लावता येतं. आणि चकतीवर बुरशी दिसली तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालूच नका, एक घातली की हेड घाण होऊन पुढच्या सगळ्यांवर ओरखडे.

अक्षरशत्रू:
वरच्याला +१. माझा जीव त्या एमबॉक्समध्ये अडकलाय.
ईमेल आणि युजनेटच्या मेसेजमध्ये मजकुराइतकाच हेडर, म्हणजे वरच्या माहितीच्या ओळी, महत्त्वाचा. मेसेज-आयडी आणि रेफरन्सेस या दोन ओळी असल्या तर कोण कोणाला उत्तर देतंय ते अख्खं झाड परत उभं करता येतं, पीडीएफ केलंत की उरतात नुसती सुटी पानं. युजनेटवाल्यात पाथ म्हणून एक ओळ असते, मशीनांची नावं उद्गारचिन्हांनी जोडलेली, मेसेज कुठून कुठून फिरत आला ते त्यात कळतं. म्हणून डुप्लिकेट सरसकट उडवू नका, मजकूर एकच असला तरी पाथ वेगळा असू शकतो. वाचायच्या कॉपीत उडवायचेच असतील तर मेसेज-आयडी बघून उडवा, विषय बघून नाही, एकाच विषयाखाली शंभर वेगळी भांडणं असतात. मधेच बिगिन ६४४ आणि पुढे फाईलचं नाव, त्याखाली जवळपास प्रत्येक ओळ कॅपिटल एमनेच सुरू होणारी अगम्य अक्षरं असं दिसलं तर तेही ठेवा, ती यूयूएन्कोड केलेली, म्हणजे मेसेजमधून पाठवायला साध्या अक्षरांत बदललेली फाईल असते, चित्र किंवा प्रोग्रॅम, डीकोड करून बाहेर काढता येते.
आणि हे फुटकळ काम आहे असं समजू नका. युजनेटचे सुरुवातीच्या काळातले मेसेज आज आहेत ते बरेचसे हेन्री स्पेन्सर यांच्या कृपेने. टोरोंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातला हा माणूस १९८१ ते १९९१ टेपवर बॅकअप घेत राहिला, तेव्हा बाकीचे सर्व्हर जागा नाही म्हणून थोड्या दिवसांत जुने मेसेज पुसून टाकायचे. त्याच टेपांतले सुमारे २० लाख मेसेज २००१ मध्ये गुगलच्या संग्रहात आले.
क्लाउडवर टाकून मोकळं होणं हे मात्र पटलं नाही. याहू ग्रुप्सचं आठवतंय ना, ऑक्टोबर २०१९ मध्ये बंद करणार म्हणाले आणि ३१ जानेवारी २०२० ला डाउनलोडची मुदत संपली पण, लोकांची धावाधाव झाली नुसती. क्लाउड एक कॉपी म्हणून ठीक, एकमेव कॉपी म्हणून नको.

सावधसखू:
कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलते. बीबीएसच्या हार्डडिस्कवर युजर फाईल असणार, त्यात लोकांची खरी नावं, फोन नंबर, पासवर्ड, बऱ्याचदा पासवर्ड उघडाच. वर खासगी निरोप. ते लिहिणाऱ्यांना वाटत होतं की हे आपण आणि फार तर तो चालवणारा, एवढेच वाचणार. हे सगळं नेटवर टाकायचा हक्क तुम्हाला कोणी दिला? काकांनाही नाही खरं तर. युजनेटवर सुद्धा लोक एक्स-नो-आर्काइव्ह असं हेडर लावायचे, म्हणजे माझं साठवू नका, तेवढा तरी मान ठेवा. माझं मत विचाराल तर युजर फाईल आणि खासगी निरोप सरळ डिलीट करावेत.

धूळझटक:
सखूताई, नेटवर टाकू नये इथपर्यंत शंभर टक्के सहमत. डिलीट करायला मात्र माझा ठाम विरोध. एकदा गेलं ते गेलं, आणि तीसेक वर्षांनी त्यातलाच कोणी माझे निरोप मिळतील का म्हणून विचारत आला तर त्याला काय सांगणार? तो भाग वेगळा काढा, एन्क्रिप्ट करून ठेवा, उघडा फक्त जाहीर विभाग करा. आणि डिस्क इमेज पण तशाच अपलोड करू नका, डिलीट केलेल्या फायलींचे अवशेष इमेजमध्ये असतात, ते काढता येतात.

सावधसखू:
किल्ली कोणाकडे राहणार ते काकांनी लेखी ठरवलं तर मला चालेल. नाहीतर नाही.

खटपट्या:
बाप रे, बरं झालं आधी विचारलं. काकांशी बोललो, खासगी भागाची किल्ली त्यांच्या मुलीकडे राहील, तसं लिहून देतायत. आता दोन शंका. कॉपी नीट झाली हे कळणार कसं? आणि एआरजे कशात उघडू? काही देवनागरी फायली पण आहेत, त्यात नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात.

अक्षरशत्रू:
प्रत्येक फाईलचा शा-२५६ चेकसम (फाईलवरून काढलेला आकडा, एक बाइट जरी बदलला तरी तो बदलतो) काढून यादी करा, कॉपी झाली की यादीशी ताडून बघा, मग वर्षातून एकदा परत ताडा. बॅगइट नावाची पद्धत हेच करते, डेटा फोल्डरमध्ये फायली आणि बाहेर चेकसमची यादी, साधी टेक्स्ट फाईल असते, उद्या कुठलंही सॉफ्टवेअर नसलं तरी वाचता येते. त्यातच एक टिपण घाला, डिस्क कोणाच्या, लेबलवर काय लिहिलं होतं, कोणी कधी उतरवल्या. लेबलांचे फोटो काढाच.
एआरजे सेव्हन-झिपमध्ये उघडतं. फक्त आतल्या फायली काढून मूळ एआरजे फेकू नका, आतल्या तारखा त्यातच शाबूत असतात.
देवनागरीचं म्हणजे जुना फॉन्ट, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले. त्याच हार्डडिस्कवर फॉन्टची फाईल शोधा, सापडली तर फायलींसोबतच ठेवा. कन्व्हर्टर फॉन्टनुसार वेगळा लागतो, तर आधी फॉन्टचं नाव इथे टाका, मग बघू.