विषय: हिवाळी हाइकला लोकर की फ्लीस?

नमस्कार मंडळी,
हाइकच्या यादीत नाव तर दिलंय पण कपड्यांवर गाडी अडलीये. नवरा म्हणतो दोन जाड फ्लीस एकावर एक चढव, विषय संपला. मैत्रीण म्हणते मेरिनो मेंढीच्या लोकरीशिवाय दाराबाहेर पाऊल टाकू नकोस. शून्याखाली तापमान, चार-पाच तास चाल, मधे थांबे. लोकर मला टोचते हे आधीच सांगते. काय घेऊ?

---

ताई, दोघंही अर्धे बरोबर आहेत. लोकर की फ्लीस असं नसतंच ते, कुठल्या थराला काय ते बघायचं. अंगालगत मेरिनो, त्यावर एकच फ्लीस, आणि वारा असेल तर वरून पातळ विंडप्रूफ जॅकेट, कारण साध्या फ्लीसमधून वारा आरपार जातो, मग ते कितीही जाड असू दे.

अंगालगत लोकर का, तर चढावर घाम येणारच आणि तुम्ही थांबलात की तोच घाम गार पडतो, खरी थंडी तेव्हा वाजते. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण 30 टक्क्यांपर्यंत ओलावा धाग्याच्या आत घेते तरी हाताला चिंब लागत नाही, शिवाय ओलावा शोषताना थोडी ऊब पण सोडते. फ्लीस म्हणजे पॉलिएस्टर, त्याचा धागा 1 टक्कासुद्धा पाणी पीत नाही, म्हणून ते पटकन वाळतं आणि मधल्या थराला झकास.

टोचण्याचं म्हणाल तर तो दोष जाड धाग्याचा. 30 मायक्रॉनपेक्षा जाड धागे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कातडीला टोचतात, बेस लेयरचं, म्हणजे अंगालगतच्या थराचं, चांगलं मेरिनो 17 ते 19 च्या आसपास असतं. लेबलवर 150, 200, 250 असे आकडे दिसतील, ते एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. चालायला 150 किंवा 200 पुरे, 250 मधे चढावर उकडून निघाल. आणि काहीही घ्या पण आत कॉटनचा टीशर्ट नको, तो भिजला की वाळायचं नावच घेत नाही.

---

> अंगालगत मेरिनो

काका, मेरिनोची भक्ती जरा जास्तच होतेय हं! मी थंडीत पळते, तिथे घामाच्या धारा लागतात, आणि लोकर एकदा पूर्ण भिजली की जड होते आणि तासन् तास वाळत नाही. अशा वेळी पातळ पॉलिएस्टरच बरं. पातळ मेरिनो सॅकच्या पट्ट्याखाली घासून विरतं, कपाटात कसर लागते ती वेगळीच, आणि पोरांना तर मी फ्लीसच घालते, चिखलात लोळा नाहीतर झाडावर चढा, मशीनला टाकलं की झालं. फक्त सॉफ्टनर घालू नका, त्याचा थर धाग्यांवर बसतो.

---

पळायला पॉलिएस्टर, मान्य. पण ताई पळणार नाहीयेत, त्या चालणार आणि थांबणार, तिथे मी मेरिनोच म्हणेन. आणि मुक्कामाची हाइक असेल तर वासाचा विचार करा, पॉलिएस्टर एका दिवसात असा कुबट वास मारतं की तंबूत शेजारी कोणी झोपायला तयार नाही, लोकर दोन-चार दिवस सहज निभावते.

अजून एक, शेकोटीजवळ फ्लीस काढून ठेवा. पॉलिएस्टर साधारण 250 ते 260 अंशांना वितळतं, ठिणगी पडली की भोक, आणि वितळलेलं कातडीला चिकटलं तर वाईट भाजतं. लोकर सहजासहजी पेटत नाही, पेटलीच तरी बहुतेक वेळा आपोआप विझते.

निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. सुरुवातीलाच उबदार वाटत असेल तर एक थर जास्त झालाय. म्हणून पुढे झिप असलेलं फ्लीस घ्या, चढावर उघडायचं, थांबलं की लावायचं, सॅक उतरवायची कटकट नाही.

---

थँक्यू काका, थँक्यू ताई! मेरिनो 200, वर एक झिपवालं फ्लीस, विंडप्रूफ घरात आहेच. दुसरं फ्लीस नवऱ्याच्या सॅकमधे, त्यालाच हौस होती. पायमोज्यांचं काय?

---

लोकरीचेच, थोडं नायलॉन मिसळलेले, म्हणजे टाचेला लवकर भोक पडत नाही. बुटात बोटं हलली पाहिजेत. दोन जोड कोंबून घातले की रक्तपुरवठा दाबला जातो आणि पाय उलट जास्त गार पडतात. सुका जोड सॅकमधे वरच ठेवा, तळाशी नको.