मदत हवी आहे: गेम बॉयच्या मूळ स्क्रीनवरच्या उभ्या रेषा गरम करूनही टिकत नाहीत

जुना राखाडी गेम बॉय (निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, 1989 चं मॉडेल) आहे. स्क्रीनवर पाच उभ्या रेषा गायब होत्या. टेट्रिसचा एक रकाना जेमतेम 8 पिक्सेल रुंद, त्यामुळे डावीकडचे दोन रकाने धड वाचताच येत नव्हते. आडव्या रेषा सगळ्या शाबूत आहेत.

चार नवे अल्कलाइन सेल घातले, कॉन्ट्रास्टची चकती फिरवून पाहिली, गेमची तीन काडतुसं बदलून पाहिली. फरक शून्य. मग उघडून काचेच्या खालच्या कडेची काळी पट्टी सोलली आणि रिबनवरून (स्क्रीनला सर्किटशी जोडणारी चपटी, लवचिक केबल) सोल्डरिंग आयर्न हलका फिरवला. पाचही रेषा परत आल्या! पण यंत्र थंड झाल्यावर दोन पुन्हा गेल्या. तिथे बोटाने दाबलं की दिसतात, सोडलं की जातात. म्हणजे रिबन तुटलेली नाही, वयामुळे तिचा गोंद सुटलाय.

आयर्नचं तापमान बदलता येतं, हॉट एअर गन (गरम हवा फेकणारं यंत्र) नाही. नवी आयपीएस स्क्रीन (आधुनिक प्रकारची एलसीडी) बसवायची नाही, मूळचीच वाचवायची आहे.

अशा रेषा कायमच्या परत आणलेल्यांनी नेमकं सांगा: तापमान किती ठेवलंत, टोक किती सेकंद टेकवलंत? आणि रिबनवर रबराची पट्टी ठेवून कायमचा दाब दिला तर काच तडकेल का?