टाकाऊ प्लॅस्टिकचे तेल पेट्रोल इंजिनात चालेल का?

बांधावरून:
आमच्या निफाड भागात हंगाम संपला की मल्चिंग पेपर (पिकाभोवती जमिनीवर अंथरायचा प्लॅस्टिकचा कागद) आणि ठिबकच्या फाटक्या नळ्यांचे ढीग बांधावर पडून राहतात. जवळच एका गृहस्थांनी त्यांपासून तेल काढणारी भट्टी टाकली असून, ते पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त मिळते. पॉवर विडर (तण काढायचे पेट्रोल यंत्र) त्यावर, निदान पेट्रोलमध्ये मिसळून, चालवता येईल का?

रसायनवाला:
भट्टीतून निघते ते पेट्रोल नव्हे. हवेशिवाय 400 ते 500 अंश सेल्सिअसला तापवल्यावर या प्लॅस्टिकच्या, म्हणजे पॉलिथिनच्या, रेणूंच्या लांब साखळ्या वाटेल तिथे तुटतात, त्यामुळे पेट्रोलइतके हलके, डिझेलइतके जड आणि गार होताच मेणासारखे थिजणारे घटक एकत्रच हाती येतात. पेट्रोल 210 अंशांच्या आत पूर्ण उकळून गेले पाहिजे, असे भारतीय मानक सांगते. या तेलातला जड भाग त्यापुढेही उरतो आणि न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरतो. सरळ साखळ्यांमुळे ऑक्टेनही, म्हणजे अवेळी न पेटण्याची इंधनाची क्षमताही, कमी पडतो, म्हणजे नॉकिंग (अवेळी पेटल्याने होणारी इंजिनाची खडखड) आलेच. देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने 2019 मध्ये रोज एक टन प्लॅस्टिक हाताळणारा प्रकल्प सुरू केला, तोही डिझेलसाठीच.

बांधावरून:
तेल दोन दिवस स्थिर ठेवून वरचे नितळ तेवढे घेतले तर?

जुना फिटर:
त्याने काजळी आणि पाणी खाली बसेल, तेलात विरघळलेले काही जाणार नाही. काचेच्या बशीत एकीकडे थोडे पेट्रोल, दुसरीकडे हे तेल घेऊन मोकळ्या सावलीत, विस्तवापासून दूर ठेवून पाहा: पेट्रोल उडून जाईल, याचा तेलकट डाग राहील. साठवणीत तर ते हवेशी संयोग पावून काळपट होते आणि डिंकासारखा चिकट थर धरते. तो कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे इंधन येण्याच्या बारीक भोकात, बसला की इंजिन आधी उशिरा सुरू होते आणि मग भार आला की बंद पडते. ‘आमचे तर चालले’ असे सांगणारे खोटे बोलत नाहीत, पण इंजिन सुरू होणे ही फारच सोपी परीक्षा आहे.

रसायनवाला:
भट्टीत करड्या पीव्हीसी पाइपांचे तुकडे जातात का, हेही विचारा. त्यांतून हायड्रोक्लोरिक आम्ल निघते आणि ते कार्ब्युरेटरचे ॲल्युमिनियम खाते. पीव्हीसी वगळून काढलेले तेल योग्य बर्नर असलेल्या औद्योगिक भट्टीत जाळता येते. ठिबकच्या नळ्या मात्र मुळातच पॉलिथिनच्या असल्याने धुऊन, दाणे करून पुन्हा नळ्यांसाठी वापरता येतात, तेव्हा त्या तेलासाठी देण्याआधी भंगारवाल्याकडे भाव विचारावा.