तराजू दिसतो, साल नाही: कंपनीचं नाणं कोणतं?

प्रश्न
ईस्ट इंडिया कंपनीचं तांब्याचं नाणं, व्यास २५.५ मिमी, वजन ५.९४ ग्रॅम. एका बाजूला तराजूची पारडी पुसट दिसतात, दुसरीकडे ढालीसारखं काहीतरी. साल पुसलंय. १८०४ चा पैसा की नंतरचा पाव आणा? की त्याच काळातलं खोटं नाणं? चिंचेनं घासून बघू का?

उत्तर १
कृपा करून घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी यांनी पॅटिना (तांब्यावर चढलेला जुना थर) जाते आणि पुसट अक्षरांचा उरलासुरला माग तिच्यातच असतो. मळ असेल तर काही तास ॲसिटोन, मग डिस्टिल्ड वॉटर आणि लाकडी टूथपिक.

अंधारात टॉर्च अगदी आडवा धरून नाणं सावकाश फिरवा. तराजूच्या दांडीच्या वरच्या बाजूला ‘क्वार्टर आणा’ या इंग्रजी अक्षरांची खूण सापडली तर १८३०, १८३२ किंवा १८३३ चा पाव आणा. इंग्लंडमधल्या सोहो टांकसाळीत पाडलेल्या १८०४ च्या पैशावर तराजूच्या बाजूला फारसीच आहे: पारड्यांमध्ये ‘अदल’ (न्याय), खाली हिजरी १२१९. खालच्या सालातला तिसरा अंक नुसती उभी रेघ असेल तर १२१९. उलट्या इंग्रजी तीनसारखा (फारसी ४) असेल तर १२४० नंतरचं, म्हणजे पाव आणा. ढालीऐवजी हृदयाच्या आकारात कप्पे दिसले तर १७९१ किंवा १७९४.

उत्तर २
मूळ वजन १०० ग्रेन, म्हणजे ६.४८ ग्रॅम. आठ टक्के घट एवढ्या झिजेला शोभते. नक्षी ठसठशीत असून वजन इतकं कमी भरलं असतं, तर मला शंका आली असती.

झीज आधी उंचवट्यांवर येते. खोलगट भागातला तपशीलही बुळबुळीत असेल तर नाणं ओतीव (साच्यात ओतलेलं खोटं) असू शकतं. गुळगुळीत काठांची गोल छिद्रं, कडेवर कानशीचे ओरखडे किंवा सांधा शोधा. गंजाचे खड्डे वेडेवाकडे असतात, दोन्हींत गल्लत होते.

०.०१ ग्रॅमच्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करा. नाणं दोऱ्यानं पूर्ण बुडवा, तळाला वा काचेला टेकू नये. तांब्याला आकडा ०.६७ च्या आसपास यावा, पितळेला ०.७०. फरक इतका बारीक, की एक बुडबुडा चिकटला तरी निकाल चुकतो. पाच वेळा मोजा.

उत्तर ३
मागे रामदरबार असलेली १८१८ ची ‘आणा’ नाणी मात्र यात मोजूच नका. कंपनीनं ती कधी पाडलीच नाहीत. एक आण्याचं सरकारी नाणं १९०७ मध्ये आलं, तेही तांबं-निकेलचं.