मदत हवी आहे: कंपनी न्यू जर्सीत, गिऱ्हाइकं चार राज्यांत, टॅक्स कुठे किती?

जर्सीकर:
आमची छोटी कंपनी आहे, माल जर्सीतूनच जातो पण गिऱ्हाइकं पेन्सिल्व्हेनिया, इलिनॉय, कॅलिफोर्नियात पण आहेत. आमचा सीपीए (इथला सीए) म्हणतो सगळं उत्पन्न जर्सीतच दाखवा, उगाच उकरून काढू नका. आता इलिनॉयहून प्रश्नावली आलीये, तुमचा इथे धंदा आहे का म्हणून. रिटर्न भरायची तारीख, १५ मार्च, तोंडावर आलीये. कुठल्या राज्याला किती टक्के ते प्लीज कोणीतरी सरळ सांगा.

फायलिंगवाली:
कंपनी म्हणजे काय, एलएलसी, एस कॉर्प (नफ्यावरचा टॅक्स मालक आपल्या रिटर्नवर भरतात) की सी कॉर्प (टॅक्स कंपनीच भरते)? माल कसला? तुमची माणसं त्या राज्यांत जातात का? एवढं कळल्याशिवाय टक्के कोण सांगणार?

भिवंडी गोडाऊन:
यात काय एवढं, प्लेस ऑफ सप्लाय, म्हणजे माल पोचतो ते ठिकाण, बघायचं. आमचा माल भिवंडीतून मडगावला जातो, आयजीएसटी (आंतरराज्य जीएसटी) लावतो, गोव्यात वेगळं रजिस्ट्रेशन लागत नाही.

फायलिंगवाली:
दादा, तो विक्रीवरचा कर झाला, इथे नफ्यावरच्या इन्कम टॅक्सचं चाललंय. भारतात शेतीचं उत्पन्न सोडलं तर इन्कम टॅक्स केंद्राचा, अमेरिकेत बहुतेक राज्यांचा आपापला वेगळा असतो.

डॅलसवाला:
मी तर म्हणतो टेक्सासला या, इन्कम टॅक्सची कटकटच नाही. नाहीतर डेलावेअरमध्ये रजिस्टर करून टाका.

शिकागोचे जोशी:
डेलावेअरने काहीही होत नाही हो, गिऱ्हाईक जिथे आहे तिथेच राहतं ना! आणि टेक्सासचा कंपन्यांवरचा फ्रँचायझी टॅक्स विसरलात का? पूर्वी १९५७ च्या नमुना कायद्याप्रमाणे मालमत्ता, पगार आणि विक्री या तिन्हींत त्या राज्याचा वाटा किती याची सरासरी काढायचे, आता इलिनॉय, जर्सी, कॅलिफोर्निया फक्त विक्री बघतात. समजा एकूण विक्री १० लाख डॉलर, त्यातली दीड लाखाची इलिनॉयला, नफा २ लाख. म्हणजे १५ टक्के, ३० हजार डॉलर नफा इलिनॉयच्या वाट्याला, आणि टॅक्स त्या तीस हजारांवर.

जर्सीकर:
एस कॉर्प आहे. लॅबची मशीनं विकतो, सेंट्रीफ्यूज वगैरे. फक्त विक्री, सर्व्हिस नाही. मग ८६-२७२ या फेडरल कायद्याखाली सूट मिळेल ना? आणि पेन्सिल्व्हेनियाचा तर जर्सीशी टॅक्सचा करारच आहे.

फायलिंगवाली:
तो करार पगारापुरता आहे, धंद्याच्या नफ्याला लागू नाही. १९५९ चा पब्लिक लॉ ८६-२७२ मात्र कामाचा आहे, तुमचा माणूस तिथे फक्त वस्तूंच्या ऑर्डरी मिळवायला फिरत असेल, ऑर्डर मंजूर बाहेर होत असेल आणि माल बाहेरून जात असेल तर ते राज्य नफ्यावर टॅक्स लावू शकत नाही. इनव्हॉइसवर मशीनखाली अजून काही ओळ असते का?

जर्सीकर:
असते, 'इन्स्टॉलेशन अँड कॅलिब्रेशन', समोर शून्य डॉलर. इलिनॉय-पेन्सिल्व्हेनियात आमचा टेक्निशियन जाऊन बसवून देतो, पण त्याचे पैसे आम्ही घेतच नाही.

शिकागोचे जोशी:
फुकट असलं तरी ते ऑर्डर मिळवणं नाही. १९९२ ची रिग्ली या च्युइंगगम कंपनीची केस बघा, विस्कॉन्सिनमध्ये त्यांचे सेल्सवाले दुकानातलं जुनं झालेलं च्युइंगगम बदलून द्यायचे, सुप्रीम कोर्टाने ते सुटीत बसवलं नाही.

डॅलसवाला:
किरकोळ कामाला सूट आहे की! एकदोनदा गेला तर कोण विचारतंय.

शिकागोचे जोशी:
प्रत्येक मशीनमागे माणूस जातोय साहेब, ते किरकोळ कसं? आणि प्रश्नावलीत खोटं लिहायला सांगू नका कोणाला.

फायलिंगवाली:
जर्सीकर, सगळं जर्सीत दाखवण्यात अजून एक खड्डा आहे, तुमच्या सीपीएला नक्की विचारा. एस कॉर्पचं जे उत्पन्न जर्सीच्या वाट्याला धरलंय त्यावर दुसऱ्या राज्यात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट, म्हणजे तेवढी वजावट, जर्सी देत नाही. उद्या इलिनॉयने वसूल केलं तर त्याच पैशावर दोनदा टॅक्स. म्हणून आधी वाटणी नीट करा, मग क्रेडिट मागा. १५ मार्च जमत नसेल तर मुदतवाढीचा फॉर्म ७००४ भरा, फेडरल रिटर्नला सहा महिने मिळतात, राज्यांचं वेगळं बघा, आणि टॅक्स भरायची तारीख त्याने पुढे जात नाही.

जर्सीकर:
बापरे, हे क्रेडिटचं कोणीच बोललं नव्हतं. कॅलिफोर्नियात मात्र तिथलाच कंत्राटी माणूस मशीन बसवतो, तो आमच्या पगारावर नाही. ते तरी चालेल ना?

फायलिंगवाली:
कंत्राटी माणसाला कायद्यात ऑर्डर घेण्यापुरती ढील आहे, मशीन बसवणं त्यात धरून चालू नका. कॅलिफोर्नियाची वर्षाची विक्री किती, आणि एकूण विक्रीच्या २५ टक्क्यांवर जाते का, ते आधी सांगा, तिथे तुमचा धंदा धरायचा का हे त्यावरूनही ठरतं.